नोंदवहीतली बडबड

बाबांना ठेवायची जागा बघायला निघाले तेव्हा माझ्या पर्समध्ये एक यादी होती. मोखाड्यात सरकारी दवाखान्यात माझी एक मैत्रीण नर्स आहे. तिनं फोनवर सांगितलेली आठ-दहा वाक्यं मी रजेच्या कोऱ्या अर्जामागे लिहून घेतली होती. न कळवता जा. जेवणाच्या वेळेला जा. आत शिरल्यावर वास कसला येतो ते बघ. पाण्याचा पेला हाताला लागेल असा ठेवलाय की लांब. नखं कापलेली आहेत का. तिथली माणसं म्हाताऱ्यांशी बोलतात की त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी. आणि पडून असणाऱ्यांच्या टाचा बघ.

"टाचा कशाला?" मी विचारलं होतं.

"पडून राहिलेल्या माणसाची कातडी आधी तिथं आणि माकडहाडावर बिघडते. चादरी कोणीही धुऊन घालतं. टाचा बघ तू."

मोखाड्याहून जव्हारला जीपनं गेले. पाऊस लागून राहिला होता. वृद्धाश्रम गावाबाहेर, शिरपामाळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे. बैठी, नवी इमारत. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, मधे जेवणाची खोली. मी बरोबर साडेबाराला पोचले. वास फिनेलचा आणि आमटीचा होता. पेले हाताशी होते. नखं कापलेली होती. एका आजोबांना एक मुलगी भात भरवत होती आणि त्यांना विचारून पुढचा घास देत होती. व्यवस्थापक नाशिककडचे, पन्नाशीचे, मऊ बोलणारे. मी टाचा बघायच्या आहेत म्हटल्यावर त्यांना राग आला नाही. त्यांनी स्वतः दोघा-तिघांच्या पायांवरची पांघरुणं बाजूला केली. टाचा कोरड्या होत्या, भेगाळलेल्या होत्या, पण धड होत्या.

यादीतल्या सगळ्या वाक्यांपुढे मी बरोबरची खूण केली. चौथीचे पेपर तपासताना करते तशी. काहीतरी वाटायला हवं होतं, सुटल्यासारखं किंवा अपराधी. काही वाटलं नाही. परतीच्या जीपमध्ये शेजारच्या बाईच्या पिशवीतून कोंबडी सारखी मान बाहेर काढत होती, तिच्याकडे बघत राहिले.

बाबा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावर जन्मले. घरात आमच्या डोंगरातली बोली. मराठी त्यांना शाळेत भेटली आणि ती त्यांनी अशी धरली की पुढे कोणाला सांगूनही खरं वाटायचं नाही, हा माणूस दहाव्या वर्षापर्यंत वेगळंच बोलत होता. आमच्या बोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही. बाबांनी आयुष्यभर पोरांच्या तोंडात ते 'ण' आणि 'ळ' बसवले. उजव्या हाताचं बोट वर करून थांबायचे. पोरगं "पानी" म्हणायचं. बोट तसंच. पोरगं "पाणी" म्हणेपर्यंत बोट खाली यायचं नाही. घरी आमच्यासाठीही तोच नियम. बाकीची मुलं बापाला "बा" म्हणायची, आम्ही भावंडं "बाबा" म्हणायचो. बोली घरात बोलायची नाही. आजी आली की ती आणि आई मागच्या ओट्यावर हळू आवाजात बोलायच्या, आणि बाबा घरात आले की थांबायच्या. आई गेली, आजी तर त्याच्या आधीच गेली होती. बोली आमच्या घरातून गेली. मी शिक्षिका झाले, भाऊ ठाण्याला नोकरीला लागला. दोघांचाही 'ण' स्वच्छ आहे.

मे महिन्यात बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. नाशिकला महिनाभर होते. मग एक दिवस ते बोलायला लागले. भावानं मला आनंदानं फोन केला आणि म्हणाला, "पण काय बोलतायत ते कळत नाहीये."

मी गेले. बाबा पाड्यावरचं बोलत होते. मराठी एक शब्द नाही. मराठी त्यांना कळत होती, म्हणजे हात वर करा म्हटलं की डावा हात वर करायचे. पण तोंडातून येत नव्हती. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, नंतर शिकलेली भाषा पुसली जाते आणि पहिली राहते. माझा नवरा तहसील कचेरीत लिपिक आहे, तो ते ऐकून हसला आणि मग ओशाळला. मला त्यातले थोडे शब्द कळत होते. लहानपणी ओट्यावरून ऐकलेले. बाकी सूर ओळखीचा, अर्थ नाही.

घरी दोन महिने सांभाळलं. माझी शाळा, नवऱ्याची कचेरी, दिवसभर बघायला ठेवलेली बाई तीन आठवड्यांत सोडून गेली, दुसरी मिळाली नाही. बाबा एकदा पलंगावरून पडले आणि मी चार वाजता शाळेतून येईपर्यंत जमिनीवर होते. त्यानंतर यादी करायचं ठरलं.

श्रावणात त्यांना तिथं ठेवलं. दर रविवारी मी जायचे. दारात एक नोंदवही असायची, प्रत्येक माणसाचं एक पान. नाश्ता, जेवण, शौच, औषध, शेरा. मी आधी नोंदवही वाचायचे आणि मग बाबांकडे जायचे. बाबांच्या शेऱ्यात बहुतेक एकच शब्द असायचा: बडबड. "दुपारी बडबड." "अंघोळीच्या वेळी बडबड." कधी "थोडी बडबड, नंतर शांत." मी ते वाचायचे आणि पुढच्या रकान्यावर जायचे. भात खाल्ला, हे महत्त्वाचं वाटायचं.

दसऱ्याच्या सुमाराला जव्हारला गारठा सुरू होतो. मी बाबांसाठी दोन जोड लोकरीचे मोजे नेले. स्वतः घातले. तिथल्या मुलीला सांगितलं, "मोजे काढू नका हं, त्यांना थंडी सोसत नाही." ती "हो मॅडम" म्हणाली. आणि तिनं ते काटेकोर पाळलं. अंघोळीला काढायची, पुसायची, लगेच दुसरा जोड चढवायची.

त्यानंतरच्या रविवारी नोंदवहीत बडबडीच्या जोडीला नवी ओळ आली. "आगीची भीती वाटते. भ्रम."

मी व्यवस्थापकांना विचारलं. ते म्हणाले, "ते सारखं इस्तू, इस्तू म्हणतात. म्हणजे विस्तवच ना? आमच्या गावाकडेही म्हणतात. आम्ही दाखवलं त्यांना, आग कुठे नाही. डॉक्टर येतील तेव्हा झोपेची गोळी विचारतो."

मी बाबांजवळ बसले. त्यांनी माझा हात डाव्या हातानं धरला आणि म्हणाले, "इस्तू." मग आणखी चार-पाच शब्द, भराभर. डोळ्यांत पाणी आलेलं. मी त्यांना वर्गात मुलांना सांगते तसं शांतपणे, स्पष्ट मराठीत सांगितलं, "बाबा, इथं आग नाही. बघा, भिंत आहे, खिडकी आहे. सगळं ठीक आहे." मला वाटलं, लहानपणी पाड्यावर घर जळालं असेल त्यांचं. तसं काही मी कधी ऐकलं नव्हतं, पण तेव्हा पटलं. जाताना त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. मोज्यांवरून हात फिरवला.

असे तीन रविवार गेले.

दिवाळीच्या आठवड्यात तिथली बरीच माणसं सुटीवर गेली. म्हणून बायकांच्या बाजूला काम करणाऱ्या एका मावशींना पुरुषांकडे पाठवलं. पंचेचाळीसच्या असतील. मोखाड्याच्या पलीकडच्या पाड्यावरच्या, नवऱ्याबरोबर बरीच वर्षं भिवंडीला कामाला होत्या, तिथून परत आलेल्या. शाळा फार नाही, म्हणून त्यांना नोंदवही लिहायला देत नसत. त्यांची माझी तोपर्यंत ओळख नव्हती. मी भाऊबीज उरकून दुसऱ्या दिवशी गेले तर त्या दारातच उभ्या होत्या.

"बाई, तुमीच गुरुजींची पोर ना?"

"हो."

"गुरुजी पायाचा सांगत्यात. टाच जळते म्हनत्यात. मी काल आले आन काल आयकला. सायबांना बोलले, ते बोलले डॉक्टर यील. तुमी चला आधी."

मी त्यांच्या मागून गेले. बाबांनी मावशींना बघितलं आणि बोलायला लागले, आणि मावशी त्यांना उत्तर देत होत्या. दोघं बोलत होते. बाबांना कोणाशी बोलताना मी सहा महिन्यांनी बघत होते. मावशींनी उजव्या पायाचा मोजा हळूच सोडवायला घेतला. तो टाचेला चिकटला होता. त्यांनी कोमट पाणी मागवलं, भिजवला, मग काढला.

टाचेवर रुपयाहून मोठा काळा डाग होता. कडेनं लाल, मधे कातडी मेलेली, आणि वास.

"इस्तू पडलाय म्हनजे आग होते," मावशी मला समजावून सांगत होत्या. "आमच्यात तसाच म्हनतात."

आमच्यात, असं त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. पायाची आग होते, असं मराठीतही म्हणतातच की. मी स्वतः म्हणते, उभं राहून शिकवल्यावर.

व्यवस्थापक आले. त्यांचा चेहरा उतरला. "अंघोळ घालणाऱ्या मुलीनं सांगायला हवं होतं," ते म्हणाले. ती मुलगी रडायला लागली. म्हणाली, डाग दिसला होता, पण आधी तो नुसता लालसर होता, आणि मॅडमनी मोजे काढायचे नाहीत म्हणून सांगितलं होतं. ती खोटं बोलत नव्हती. मी ओरडावं अशी सगळे वाट बघत होते. मी फक्त विचारलं, "गाडी आहे का?"

जव्हारच्या सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली. बाबांना साखरेचा त्रास, झटक्यानं त्या पायात हालचाल नाही, टाच गादीवर सतत दाबलेली. वर घट्ट मोजा. त्यांनी हे सगळं मला दोष न देता सांगितलं. मेलेली कातडी कापताना बाबा ओरडत होते आणि मावशी त्यांच्या डोक्याशी उभ्या राहून त्यांच्याशी बोलत होत्या. मी कागद भरत होते. रुग्णाचे नाव. वय. नाते. सोबत कोण.

त्या संध्याकाळी मैत्रिणीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "टाचा बघितल्या होत्यास ना तू?"

"बघितल्या होत्या," मी म्हटलं. "दुसऱ्यांच्या."

बाबांना तिथून हलवायचं का, यावर भावाशी तीन-चार वेळा बोलणं झालं. तो म्हणाला, ठाण्याला आणू, तिथं चांगल्या संस्था आहेत. मी विचारलं, तिथं त्यांच्याशी बोलणार कोण? बाबा जव्हारलाच राहिले. मी व्यवस्थापकांना एकच अट घातली की मावशी पुरुषांच्या बाजूलाच राहतील. त्यांनी ती मान्य केली. पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी ठेवायची, दर दोन तासांनी कूस बदलायची, रोज पट्टी. मावशी हे शिकल्या आणि त्यांनी बाकीच्यांकडून करून घेतलं. मोजे मी घरी आणले. धुतले आणि कपाटात ठेवले.

रविवारी आता मी आधी मावशींकडे जायचे. त्यांच्याकडून शब्द घ्यायचे. दुखतं कसं विचारायचं, भूक लागली का, कूस बदलू का, गार वाटतं का. शाळेच्या वहीत लिहून घ्यायचे आणि जीपमध्ये पाठ करायचे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. मावशींना त्याची गंमत वाटायची. "बाई, तुमी मास्तरीन आसून माझ्याकडं शिकताव," म्हणायच्या. मला गंमत वाटत नव्हती, वाईटही वाटत नव्हतं. शिकायचं होतं ते शिकत होते.

एका रविवारी मी बाबांपाशी बसले आणि तयारी केलेलं वाक्य म्हटलं. त्यांना पहिल्यांदाच "बा" म्हटलं आणि बोलीत विचारलं, पाणी देऊ का?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डाव्या हाताचं बोट वर केलं. उजवा हात उठत नव्हता. बोट तसंच वर धरून ते म्हणाले, "पानी."

"पाणी," मी म्हटलं. सवयीनं.

बोट खाली येईना. "पानी."

"पानी," मी म्हटलं. बोट खाली आलं. त्यांनी पेला घेतला. मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसले असेन. नक्की आठवत नाही.

माघात सरकारी तपासणी आली. एक अधिकारी आणि त्यांच्याबरोबर एक लिपिक. आदल्या दिवशी निरोप होता, म्हणून नव्या चादरी होत्या आणि जेवणाच्या खोलीत फलकावर आठवड्याचे पदार्थ खडूनं लिहिले होते. त्यांच्याकडे छापील तक्ता होता. खाटा किती, संडास किती, रॅम्प आहे का, नोंदवही ठेवतात का. सगळ्यापुढे 'आहे' लिहिलं जात होतं, आणि ते खरंच होतं. शेवटी नातेवाइकांचा अभिप्राय होता. हजर असलेली नातेवाईक मी एकटीच. म्हणून मला बोलावलं.

"मॅडम, उत्तम, समाधानकारक, असमाधानकारक. कशावर खूण करू?"

व्यवस्थापक भिंतीशी उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते. मी म्हटलं, "मला कोरा कागद द्या."

अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे बघितलं, पण कागद दिला. मी लिहिलं. स्वच्छता चांगली आहे, जेवण चांगलं आहे, माणसं मारत नाहीत, टाकून बोलत नाहीत. माझ्या वडिलांच्या टाचेला जखम झाली. तीन आठवडे ते ती सांगत होते. नोंदवहीत तिची 'बडबड' आणि 'भ्रम' अशी नोंद आहे. मोजे मी आणले होते आणि काढू नका, असं मीच सांगितलं होतं. मलाही कळलं नाही. ज्यांना कळलं त्यांना लिहायला येत नाही म्हणून नोंदवही त्यांच्या हातात नव्हती. इथले निम्मे म्हातारे डोंगरातले आहेत. त्यांची भाषा येणारं माणूस प्रत्येक पाळीला असावं, आणि ते काय सांगतात ते जसंच्या तसं लिहून ठेवावं.

अधिकाऱ्यांनी कागद वाचला. दोनदा वाचला. मग मला विचारलं, "पण खूण?"

"तुम्हाला वाटेल तिथं करा."

त्यांनी 'समाधानकारक'वर खूण केली आणि माझा कागद टाचणीनं मागे जोडला. त्या कागदाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. उत्तर कधी आलं नाही. पण पुढच्या रविवारी गेले तर नोंदवहीत आखणी बदललेली होती. शेऱ्याच्या शेजारी व्यवस्थापकांनी पट्टीनं नवा रकाना आखला होता आणि वर लिहिलं होतं, 'काय म्हणाले'. मावशी सांगायच्या आणि ती अंघोळ घालणारी मुलगी लिहायची. बाबांच्या पानावर पहिलंच वाक्य होतं, "भात कडक आहे म्हणाले." खाली, "खिडकी उघडा म्हणाले." त्याच्याखाली, "बाहेर पोरांचा गलका आहे, शाळा सुटली का विचारले." बायकांच्या बाजूला एका आजींच्या पानावर तर अर्धं पान भरलेलं होतं. व्यवस्थापक माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. "एवढं बोलतात हे लोक," ते म्हणाले, "मला माहीत नव्हतं." फाल्गुनात त्यांनी दुसऱ्या पाळीसाठी मावशींच्याच पाड्यावरची आणखी एक बाई नेमली.

टाच होळीपर्यंत भरली. मधे खळगा राहिला, पण कातडी आली. डॉक्टरीणबाईंनी बोटानं दाबून बघितलं आणि बाबांना विचारलं, "दुखतं?" बाबांनी मान हलवली. नाही.

ते आषाढात गेले. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं, पाचव्या दिवशी दुपारी गेले. मी तिथं होते. शेवटचे दोन दिवस ते काहीच बोलले नाहीत, कुठल्याच भाषेत. भाऊ संध्याकाळपर्यंत पोचला. सगळं रीतसर झालं. लोक येऊन म्हणाले, सुटले. मी हो म्हणत राहिले.

मावशी तेव्हा आवणीसाठी पाड्यावर गेल्या होत्या. त्यांच्या शेतात दोन दिवस रोपं लावायची होती. तिथं फोन लागत नाही. तिसऱ्या दिवशी त्या उतारावर, जिथं रेंज मिळते तिथं, आल्या आणि त्यांनी मला फोन केला. तिथं पोचल्यावर आधी व्यवस्थापकांचा फोन लागला, त्यांच्याकडून त्यांना कळलं होतं. त्या आधी माझ्याशी मराठीत बोलत होत्या, मग त्यांना रडू आलं आणि त्या बोलीत बोलायला लागल्या. त्यांच्या मागे पावसाचा आवाज येत होता. मी स्वयंपाकघरात उभी होते. बाहेरच्या खोलीत भाऊ आणि माझा नवरा दाखल्याच्या कागदांबद्दल बोलत होते. मावशी सांगत होत्या, गुरुजी भात नको म्हणायचे आणि नागलीची भाकर मागायचे, आणि मी चोरून घरून आणायचे, दुधात कुस्करून द्यायचे, बाई, तुम्हाला सांगितलं नाही, रागावू नका. मला त्यातलं जवळजवळ सगळं कळलं. एक-दोन शब्द राहिले, ते मी विचारले. त्यांनी रडत रडत त्यांचे अर्थ सांगितले. मग त्या परत रडायला लागल्या, आणि त्यांचं रडणं संपेपर्यंत मी फोन कानाला लावून उभी राहिले.